शून्य पूर्णांक अठ्ठावीस

३, सोमवार

लॅबच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मिलिग्रामवर दोन पानांचा लेख मी लिहायचा. विषय : आमचा हिरो. लॅबमध्ये शुद्ध लिहिणारी मी एकटीच आहे, एवढंच कारण. मी म्हटलं, मला कौतुक करता येत नाही. त्या म्हणाल्या, तू माहिती लिही, कौतुक आम्ही वरून घालू.

मिलिग्राम म्हणजे आमचे प्रमुख तपासनीस. २१ तारखेला निवृत्त होतात. आमची लॅब वजनं तपासते. माणसांची नव्हे, पोलादाची. औषधं बनवणारे, सोनं पारखणारे, कॉलेजं आपापली वजनं पाठवतात. आम्ही ती आमच्या मानक वजनाशी ताडून बघतो आणि ती किती खरी आहेत याचं प्रमाणपत्र देतो. मी मोजते, मिलिग्राम तपासतो, खाली दोघांच्या सह्या. बाकी सगळे त्याला काका म्हणतात. मी तोंडावर सर म्हणते. वहीत मिलिग्राम आणि एकेरी, कारण वही माझी आहे.

समारंभाचा फलक छापूनही आलाय : ‘एकतीस वर्षे, शून्य चूक’. शून्य कोणी मोजलं, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “तू ना, वाढदिवसाच्या केकलाही मोजपट्टी लावशील.”

५, बुधवार

लेखासाठी माहिती गोळा केली. मुख्य स्रोत भोंगा, म्हणजे आमचा स्टोअरकीपर. तो गुपित सांगतो तेव्हा पार्किंगमध्ये ऐकू येतं. त्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही वेळा स्वतःच्या अंगावर काटा आल्याचं दंड पुढे करून दाखवलं.

एक : मिलिग्रामला नुसत्या तळहातावर पन्नास मिलिग्रामचा फरक कळतो.
दोन : लाच द्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याला त्याने कॉलर धरून बाहेर काढलं होतं.
तीन : अकरा वर्षांपूर्वी जुन्या मालकाशी तत्त्वावरून भांडून त्याने एकोणीस दिवस लॅब बंद ठेवली होती.

इतर चौघांनीही हेच सांगितलं. व्यापाऱ्याची उंची मात्र प्रत्येकाकडे वेगळी. सर्वांत उंच व्यापारी हिशेबनिसाचा.

तिन्ही गोष्टी तपासायचं ठरवलं. लेखात न तपासलेलं काही घालणार नाही.

६, गुरुवार

तळहाताची चाचणी घेतली. शंभर ग्रॅमचे दोन सारखे ठोकळे, फरक पन्नास मिलिग्राम. मिलिग्रामला डोळे मिटायला सांगितले. तो आढेवेढे न घेता बसला, वर “गुदगुल्या करू नकोस” म्हणाला. वीस वेळा ठोकळे हातावर ठेवले. नऊ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तर साधारण दहा आले असते.

“अंगठा आखडलाय,” तो म्हणाला. मग, “मला असं जमतं हे तुला कोणी सांगितलं?”

सगळ्यांनी, मी म्हटलं.

“मी कधी म्हटलं?”

म्हटलं नव्हतं हे खरं. पण एकतीस वर्षांत नाकारलंही नव्हतं. नोंद केली.

व्यापाऱ्याबद्दलही विचारून घेतलं. व्यापारी खरा. लाच नव्हती. त्याने भिजलेली छत्री तराजूच्या टेबलावर ठेवली होती. कॉलर छत्रीची नसते, म्हणून त्याची धरली.

७, शुक्रवार

एकोणीस दिवसांचं रजिस्टर काढलं. बंदचं कारण मिलिग्रामच्या अक्षरात : ‘वरच्या मजल्यावरील संडासाची नळी फुटली. ओल.’ तत्त्वाचा उल्लेख कुठेही नाही.

तीन गोष्टी, खऱ्या शून्य. लेख अर्ध्या पानाचा होईल.

८, शनिवार

आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली की हल्ली काही वाचायला घेतलं की तू कपाळावर चष्मा सरकवल्यासारखं करतेस आणि “बघू” म्हणतेस. मला चष्मा नाही. मिलिग्रामला आहे. आईची बघण्यात चूक होत असणार.

मग तिने विचारलं, दुसऱ्या कंपनीने बोलावलं होतं तेव्हा का गेली नाहीस? आमची तराजूची खोली कायम वीस अंशांवर असते, बाहेर चाळीस. हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं. तिने “हो का” म्हटलं आणि दोरा तोडला.

११, मंगळवार

आज कामाची गोष्ट सुचली. ‘शून्य चूक’ हा दावा मोजता येण्यासारखा आहे. चार महिन्यांपासून आमचे हिशेब मी बनवलेल्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात होतात. त्याआधी कागदावर व्हायचे. मिलिग्रामने गेल्या वर्षी स्वतः मोजलेल्या आणि हाताने हिशेब केलेल्या वीस नोंदी निवडल्या, सगळ्या शंभर ग्रॅमच्या वजनांच्या, आणि माझ्या तक्त्यात घातल्या.

विसांपैकी वीस चूक.

प्रत्येक नोंदीत तेवढाच फरक, ०.२८ मिलिग्राम. म्हणजे हात थरथरला, नजर चुकली असलं काही नाही. माणूस सवयीने चुकतोय, वर्षानुवर्षं, पेन्सिलीने, सुंदर अक्षरात. हिरोची चूक सापडली आणि ती त्याच्यासारखीच निघाली, ठाम.

संध्याकाळी घरी येताना मी शीळ घालत होते, असं आई म्हणते.

१२, बुधवार

सकाळी एक नोंद हाताने करून पाहिली. मग दुसरी. मग वीसही.

आमचं शंभर ग्रॅमचं मानक वजन शंभर ग्रॅमपेक्षा ०.१४ मिलिग्रामने हलकं आहे. ही तूट हिशेबात वजा करायची असते. मिलिग्राम वजा करत होता. माझ्या तक्त्यात मी ती मिळवली आहे. ०.१४ आणि ०.१४ म्हणजे ०.२८.

चूक त्याची नाही.

१४, शुक्रवार

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं.

चार महिन्यांत शंभर ग्रॅमच्या वजनांची एक्केचाळीस प्रमाणपत्रं गेली. अडतीस वजनं चूक सुधारली तरी मर्यादेत बसतात. तीन बाहेर जातात. त्या तिघांना मी लेखी कळवलंय की तुमचं वजन ठीक आहे, आणि ते ठीक नाही.

०.२८ म्हणजे किती हे पाहायला तराजूवर मिठाचे पाच कण ठेवले. ०.३१ आले. एवढ्याने कोणाचं औषध बिघडत नाही, कोणाची अंगठी हलकी होत नाही. हे कोणाला कधी सापडणारही नाही. मलाही दुसऱ्याची चूक शोधताना सापडलं.

दुसऱ्या बाजूला : चूक कळवली की एक्केचाळीस प्रमाणपत्रं परत मागवायची. पुढच्या महिन्यात लॅबची मान्यता तपासायला मंडळी येणार आहेत. २४ तारखेपासून मी प्रमुख तपासनीस. पत्र टाइप होऊन मॅडमच्या खणात पडलंय. एकतीस वर्षांत पहिली स्त्री. मला ते पद हवंय. हे वाक्य मी खोडणार नाही.

शिवाय एक्केचाळीसही प्रमाणपत्रांवर ‘तपासले’च्या चौकटीत मिलिग्रामची सही आहे. चूक त्याच्या कशी लक्षात आली नाही?

१७, सोमवार

सांगितलं. दुपारी, तराजूच्या खोलीत, दार लावून.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. मग फक्त, “कोणाला बोललीस?”

नाही, मी म्हटलं.

मग शुक्रवारपर्यंत बोलू नकोस, असं त्याचं म्हणणं. सोमवारी तू प्रमुख होशील, तूच परत मागव, तूच दुरुस्त कर. लपवायला सांगत नाहीये, चार दिवस थांबायला सांगतोय. पाच मिठाच्या कणांनी चार दिवसांत कोण मरतंय? समारंभाला त्याची मुलगी येणार आहे, फलक छापलाय, बायकोने नवी साडी काढून ठेवलीय. हे सगळं तो मानक वजनाच्या खोक्याशी बोलत होता.

कोणी मरत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

मी विचारलं, “सर, तुम्ही ही प्रमाणपत्रं तपासली नव्हती?”

“तू केलेली होती ना ती.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे. तुझं काम मी तीन वर्षांत तपासलेलं नाही. सही करतो आणि पुढे सरकवतो.”

तीन वर्षं म्हणजे अंदाजे सहाशे प्रमाणपत्रं. हा नियमाचा सरळ भंग आहे. मला फार राग आला. नेमका कशाचा, ते मोजता आलं नाही. रागात मी वजनं उचलायचा चिमटा उलटा ठेवला, जे मी कधी करत नाही, आणि त्याने तो सुलटा केला.

हिरोंची एकूण संख्या : शून्य. लेखाचं शीर्षक तयार आहे.

१८, मंगळवार

शुक्रवारपर्यंत थांबायचं जवळजवळ ठरवलं होतं. सवयीने कोरा फॉर्म काढून पाहिला. चूक कळवण्याच्या फॉर्मवर पाचवी चौकट आहे : ‘चूक लक्षात आल्याची तारीख’. तिथे १२ लिहावं लागतं. सोमवारी भरला तर १२ आणि २४ यांच्यामध्ये बारा दिवस उघडे पडतात, किंवा मग १२ च्या जागी दुसरं काहीतरी लिहायचं. मी पेन धरून बघितलं. दुसरा आकडा लिहिता येईना. हा काही सद्गुण नाही. माझ्या हाताला ती सवयच नाही.

म्हणून आजच भरला. सहावी चौकट ‘उशिराचे कारण’. मी ‘भीती’ लिहिलं. ‘जबाबदार व्यक्ती’ : माझं नाव. मिलिग्रामचं लिहिलं नाही. सह्या न बघता केल्या हे त्याने मला सांगितलंय, फॉर्मला नाही.

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. भीतीच्या जागी ‘तांत्रिक’ लिहिता येईल का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्या बराच वेळ शांतपणे बोलल्या. पन्नास पाहुणे, फलक, मान्यता, एका माणसाचं आयुष्यभराचं नाव. मग त्यांनी खण उघडून फॉर्म आत ठेवला.

“तुझं पत्रही याच खणात आहे. सोमवारपर्यंत दोन्ही कागद एकत्र राहू देत.”

धमकी एवढ्या नीट मराठीत मी पहिल्यांदाच ऐकली. लेख त्यांनीच लिहायला हवा होता.

१९, बुधवार

मर्यादेबाहेरच्या तीन वजनांच्या मालकांना मी स्वतः फोन केले. परवानगी घेतली नाही. कोणाची घ्यायची ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.

सोनं पारखणारा आधी हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, मॅडम, आमच्या दुकानात पंखा लावला तरी याहून जास्त फरक पडतो. तरी पाठवतो म्हणाला, पंखा बंद करून.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांना आपलं वजन कुठे आहे हेच माहीत नव्हतं. मला फोनवर धरून ठेवलं आणि शोधलं. विभागप्रमुखांच्या टेबलावर होतं. पत्रं उडू नयेत म्हणून.

औषध कंपनीतल्या बाईंनी प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घेतला. मग म्हणाल्या, लेखी पाठवा, आजच. आणि थोड्या वेळाने, “तुम्ही स्वतःहून फोन केलात?” हो म्हटलं. “बरं,” एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. त्यांच्या ‘बरं’ला मी अर्धा तास वेगवेगळे अर्थ लावत बसले.

लेखी पाठवलं.

२०, गुरुवार

औषध कंपनीचं उत्तर सकाळीच मॅडमकडे पोचलं. पुढची वजनं आमच्याकडे पाठवायची की नाही ते एक्केचाळीस प्रमाणपत्रं दुरुस्त होऊन आल्यावर ठरवू, असं त्यात होतं. मॅडमनी मला बोलावलं, खणातून दोन कागद काढले आणि दुसरा, म्हणजे माझं पत्र, माझ्यासमोर फाडला. चार तुकडे. प्रमुख बाहेरून येईल. मी आहे त्या जागेवर राहीन. हे ऐकताना मी ठीक होते. जिन्यात नव्हते.

मॅडमच्या केबिनमधलं सगळं भोंग्यामार्फत पाच मिनिटांत सर्वांना कळलं. मिलिग्राम सोमवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. तो उठला, मॅडमकडे गेला आणि माझा फॉर्म घेऊन आला. माझ्या टेबलावर ठेवला. ‘जबाबदार व्यक्ती’च्या चौकटीत माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलं, मावत नव्हतं तरी, आणि पुढे ‘तपासले नाही’.

मी म्हटलं, अधिक-उण्याचं चिन्ह माझं चुकलंय, तुमचं नाव वर येऊ शकत नाही.

“चूक तुझी. प्रमाणपत्र माझं.”

फार तर निम्मी जबाबदारी तुमची, मी म्हटलं. साठ-चाळीसही निघेल.

“तू टक्केवारी काढ, मी चहा घेऊन येतो.”

चहा घेऊन आल्यावर तो खिडकीकडे बघत म्हणाला की सोमवारी जे बोललो ते बोलायला नको होतं, घरी बायकोला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिला मिलिग्राम म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही. मग भोंग्याला हाक मारून सांगितलं, फलकावर शून्याच्या जागी एक्केचाळीस चिकटव. भोंग्याला हे इतकं लागलं की तो कुजबुजत बोलला. मी त्याला पहिल्यांदाच कुजबुजताना ऐकलं.

माझा लेख परत आला. तळहात वीसपैकी नऊ, छत्री, संडासाची नळी, हे सगळं छापता येत नाही म्हणे. त्या जागी भोंग्याची कविता जाईल.

२१, शुक्रवार

समारंभ चारला होता. दुरुस्त केलेली एक्केचाळीस प्रमाणपत्रं मी साडेबारापर्यंत तयार केली. त्यांच्यावर मिलिग्रामची सही आजच व्हायला हवी होती. पाच वाजून गेले की त्याला सहीचा अधिकार उरत नाही.

तो दोनला बसला. मला वाटलं सह्या करेल आणि पुढे सरकवेल. त्याने पेन्सिलीला टोक केलं, कोरे कागद घेतले आणि पहिल्या प्रमाणपत्राचा सगळा हिशेब पहिल्यापासून हाताने केला. मग दुसऱ्याचा. मी शेजारी बसले. मला बसायची गरज नव्हती.

चारला भोंगा आला. पाहुणे आलेत, मुलगी आलीय, माईक चालू आहे. “बसू देत,” मिलिग्राम म्हणाला. तो चोविसाव्यावर होता.

चार वीसला मॅडम स्वतः आल्या. दारातूनच म्हणाल्या, काका, लोक काय म्हणतील? तो म्हणाला, दोन मिनिटं. तेव्हा चौदा शिल्लक होती. मॅडम टेबलावरच्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग दार हळूच लावून गेल्या. दार त्या एरवी आपटतात.

तेहतिसाव्या प्रमाणपत्रावर तो थांबला. चष्मा वर. कागद डोळ्यांजवळ.

“सापडली.”

खोलीचं तापमान मी २०.१ च्या ऐवजी २०.४ लिहिलं होतं. निकालात काहीच फरक पडत नाही. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. गेल्या चार वर्षांत मी त्याला इतकं खूश पाहिलेलं नाही. मी ते पान पुन्हा छापून आणलं. त्याने तेही पहिल्यापासून तपासलं.

शेवटची सही चार वाजून बावन्न मिनिटांनी. त्याने पेनाला टोपण लावलं, पेन्सिलीच्या कागदांचा गठ्ठा सारखा केला आणि विचारलं, नवा येणारा माणूस तुझं काम तपासेल ना? बहुधा तपासेल, मी म्हटलं.

“नाही तपासलं तर भांड.”

मग शर्ट पँटमध्ये नीट खोचून हॉलमध्ये गेला. फलक म्हणे अर्धा दुमडून लावलाय, फक्त ‘एकतीस वर्षे’ दिसतंय. मी गेले नाही. वजनं खोक्यात ठेवायची होती आणि तराजू बंद करायचा होता.

हॉल भिंतीपलीकडेच आहे. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तराजू रिकामा होता, पण शेवटचा आकडा हलायला लागला. ०.०२, ०.०१, ०.०३. भिंतीतून धक्के येतात. निम्मे पाहुणे कंटाळून गेले होते, त्या मानाने आकडा बराच हलत होता. मी दार बंद आहे ना ते पाहिलं आणि तिथेच उभी राहून मीही टाळ्या वाजवल्या. सहा-सात वेळा. आकडा एकदम ०.०९ वर गेला.

मी तराजूच्या जवळ होते, त्यामुळे असेल.